इमारत राखली, वस्ती उठली

सिंगापूरच्या नागरी पुनर्विकास प्राधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये बीच रोडवरील ‘गोल्डन माइल कॉम्प्लेक्स’ ही 16 मजली इमारत संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केली, तेव्हा त्या देशात प्रथमच एवढ्या मोठ्या, आधुनिक काळात बांधलेल्या आणि शेकडो मालकांमध्ये विभागलेल्या इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर सातच महिन्यांत, मे 2022 मध्ये, तीन कंपन्यांच्या एका गटाने ती संपूर्ण इमारत 70 कोटी सिंगापूर डॉलरना विकत घेतली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत तिच्यातील शेवटची बिऱ्हाडे आणि दुकानेही उठली. त्याच पिढीतील ‘पर्ल बँक’ ही गोलाकार निवासी इमारत 2018 मध्ये विकली गेली आणि पुढे पाडली गेली. त्या तुलनेत गोल्डन माइल वाचली, म्हणून तिची कथा बहुधा वारसा-संरक्षणाचे यश म्हणून सांगितली जाते. इमारत वाचली हे खरेच आहे. परंतु सिंगापूरमधील थाई कामगारांनी जवळपास चार दशके जिला आपली मानले, जिला सारे शहर ‘लिटल थायलंड’ म्हणून ओळखत होते, तिचा तो वापर टिकवण्याची कोणतीही तरतूद त्या निर्णयात नव्हती. आणि ही उणीव नजरचुकीने राहिलेली नसून ज्या आर्थिक गणितावर इमारतीचे जतन उभे केले गेले, त्या गणितातूनच ती निपजली होती.

इमारतीचा जन्म शहराच्या नियोजनातील एका मोठ्या स्वप्नातून झाला. स्वातंत्र्यानंतर लगेचच, 1967 पासून, सिंगापूर सरकारने शहराच्या मध्यभागातील संपादित जमिनी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी विकासकांना निविदा काढून देण्यास सुरुवात केली, आणि त्या पहिल्या फेरीतील एका भूखंडावर ही वास्तू 1973 मध्ये पूर्ण झाली. गान एंग ऊन, विल्यम लिम आणि ताय खेंग सून हे तिचे रचनाकार. यांपैकी लिम आणि ताय हे नगररचनेवर सरकारशी जाहीर वाद घालणाऱ्या एका अभ्यासगटाचे अध्वर्यू होते, आणि घर, कचेरी, बाजार यांची वेगवेगळ्या उपनगरांत फाटाफूट करण्याऐवजी ती एकाच अखंड इमारतीत एकावर एक रचावीत, अशा इमारती रस्त्याच्या कडेने एकमेकींना जोडत न्याव्यात आणि माणसाला दिवसभरात लागणारे सर्व काही पायी चालण्याच्या अंतरात आणावे, असे ‘रेषीय शहरा’चे चित्र त्यांच्यापुढे होते. त्यानुसार खालच्या मजल्यांवर दुकानांचे गाळे, मध्ये कचेऱ्या आणि वर घरे अशी मांडणी झाली. निकोल हायवेच्या, म्हणजे एकेकाळच्या समुद्राच्या बाजूने मजले पायऱ्यांसारखे मागे मागे नेले, जेणेकरून प्रत्येक घराला गच्ची, वारा आणि मोकळे पाणी पाहण्याची सोय मिळावी. या कल्पनेवर जपानमधील ‘मेटाबोलिझम’ या चळवळीची, म्हणजे शहराला वाढणारा, झिजणारा आणि स्वतःचे अवयव बदलत राहणारा सजीव देह मानणाऱ्या विचाराची, छाप होती. जपानमध्ये जे बहुतांशी आराखड्यांतच राहिले, त्याचा मोठा तुकडा सिंगापूरमध्ये काँक्रीटमध्ये उतरला. जोडत नेण्याची साखळी मात्र पुढे सरकली नाही, आणि रेषीय शहराचा एक तेवढा दुवा रस्त्याकडेला उभा राहिला.

या दुव्याचे पुढे जे झाले त्यामागे मालकीचा प्रकार होता. ‘स्ट्राटा’ मालकी म्हणजे इमारत उभ्या-आडव्या तुकड्यांत विभागून प्रत्येक गाळा स्वतंत्रपणे विकणे आणि जमीन, जिने, व्हरांडे, उद्वाहने यांची मालकी सर्वांमध्ये सामायिक ठेवणे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा प्रकार गृहनिर्माण संस्थेच्या सदनिकेवरून सहज समजेल. फरक इतकाच, की येथे सुमारे सातशे गाळे आणि त्यांत दुकानदार, कचेरीवाले, घरमालक अशा परस्परभिन्न हितसंबंधांची माणसे होती. सामायिक गोष्टींच्या देखभालीवर पैसा खर्च करण्यास कोणीही फारसे उत्सुक नसते, हा अनुभव अशा इमारतींत सार्वत्रिक आहे. खरेदीदारांचा ओघ ऑर्चर्ड रोडवरील नव्या, वातानुकूलित आणि एकाच मालकाच्या ताब्यातील मॉलकडे वळला तशी येथील भाडी घसरली, आणि भाडी घसरली म्हणूनच ज्यांना शहराच्या मध्यभागी अन्यत्र पाय ठेवायला जागा मिळाली नसती, ते येथे आले.

थाई कामगार 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून, भुयारी रेल्वे, घरबांधणी आणि पूल यांच्या कामांवर सिंगापूरमध्ये मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांच्यापैकी बहुतेक ईशान्य थायलंडमधील ‘इसान’ या कोरडवाहू, गरीब आणि लाओ भाषेला जवळची बोली बोलणाऱ्या प्रदेशातले. दक्षिण थायलंडमधील हाट याईकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसगाड्या गोल्डन माइलच्या पुढ्यातून सुटत, तिकिटाच्या खिडक्या तळमजल्यावर असत, आणि जेथून गावाकडची गाडी सुटते तेथे गावाकडचे जेवण मिळू लागणे, ही गिरणगावातल्या खानावळींचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला सांगण्याची गोष्ट नव्हे. खानावळीपाठोपाठ किराणा आला. मग गावी पैसे पाठवणारे अडते, टेलिफोन कार्डे, थाई मासिके आणि गाण्यांच्या कॅसेटी विकणारे, केशकर्तनालये आणि रात्री उघडणारे नाचगाण्याचे अड्डे आले. रविवार हा कामगारांचा सुटीचा दिवस. त्या दिवशी व्हरांड्यांत वर्तमानपत्रे अंथरून बसलेल्या माणसांपुढे बांबूच्या टोपलीतील चिकट भात असे, खलबत्त्यात कुटलेल्या कच्च्या पपईची तिखटजाळ कोशिंबीर असे, भाजलेल्या तांदळाचे कूट घातलेला खिमा असे. ‘मूकाटा’ नावाचा प्रकार तर या इमारतीमुळे सिंगापूरकरांच्याही जिभेवर रुळला: मध्ये घुमटासारखा उंचवटा आणि भोवती पन्हाळ असलेले एक भांडे विस्तवावर ठेवायचे, उंचवट्यावर चरबीचा तुकडा फिरवून मांसाचे काप भाजायचे, आणि त्यांतून ओघळणारा रस खालच्या पन्हाळीतल्या पाण्यात मुरत असताना त्यातच भाज्या आणि शेवया शिजवायच्या. इमारतीबाहेर चतुर्मुख ब्रह्माचे, म्हणजे थाई लोकांच्या ‘फ्रा फ्रोम’चे देवस्थान होते, आणि आपल्याकडे पुष्करसारखी मोजकी ठिकाणे सोडता ज्या देवाची पूजा जवळपास थांबली, त्याच्यापुढे येथे झेंडूच्या माळा पडत.

या जगाचा सर्वांत जवळचा अभ्यास पत्तना कितियारसा या मानववंशशास्त्रज्ञाने केला. ते स्वतः इसानचे होते आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकवत. या कामगारांच्या जीवनाला त्यांनी ‘गावाचा सीमेपलीकडील विस्तार’ या अर्थाची संज्ञा लावली. कामगाराला सिंगापूरमध्ये कायमचे राहू देण्याचा कोणाचाही इरादा नव्हता. त्याचा परवाना मालकाशी बांधलेला, राहणे बांधकामाच्या जागेवरील पत्र्याच्या खोलीत किंवा कामगारांच्या वसतिगृहात, आणि 1989 मध्ये मुदतीपेक्षा जास्त राहणाऱ्यांना फटक्यांची शिक्षा देणारा कायदा आला तेव्हा हजारो थाई माणसांना अल्पावधीत देश सोडावा लागला होता. अशा माणसाला आठवड्यातून एक दिवस का होईना ‘परका कामगार’ ही ओळख उतरवून ठेवता येईल अशी जागा मिळणे, हे या इमारतीचे खरे सामाजिक कार्य होते आणि ते तिच्या रचनाकारांनीही योजलेले नव्हते.

बाहेरच्यांना मात्र दिसत होता तो निराळाच देखावा. 2006 मध्ये संसदेचे तत्कालीन नामनिर्देशित सदस्य आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक आयव्हन पंग यांनी या इमारतीला ‘उभी झोपडपट्टी’ म्हटले. गच्च्यांवर ज्याने त्याने पत्रे, काचा, लाकडी फळ्या ठोकून जागा बंदिस्त केली, आणि इमारतीच्या एकूण रूपाशी कोणालाच कर्तव्य नव्हते, असा त्यांचा आक्षेप होता. आर्थिक निदान म्हणून तो चुकीचा नव्हता, कारण विखुरलेली मालकी सामायिक गोष्टींची हेळसांड करते हे वर आलेच आहे. पण ज्या वास्तुविचारातून इमारत जन्मली, तो तर शहराने स्वतःचे अवयव बदलत राहावे असेच सांगत होता. रहिवाशांनी ठोकलेले पत्रे आणि दुकानदारांनी व्हरांड्यात मांडलेली टेबले हाच त्या विचाराचा, काहीसा ओबडधोबड का होईना, प्रत्यक्ष अवतार होता. तो विद्वानांना पुस्तकात रुचला आणि प्रतिष्ठितांना रस्त्यावर खुपला.

पुढे 2018 मध्ये सिंगापूर वारसा संस्थेने आधुनिक काळातील या इमारतींच्या बाजूने एक निवेदन प्रसिद्ध केले, आणि मालकांना ती विकायची असताना इमारत राखायची तर खरेदीदार कसा मिळावा, हा प्रश्न उभा राहिला. भाडेपट्ट्याची निम्म्याहून अधिक मुदत संपलेली, दुरुस्तीचा खर्च प्रचंड आणि पाडता न येणारी वास्तू घेणार कोण? 80 कोटी डॉलर मागणाऱ्या आधीच्या निविदांना यश आले नव्हते. तेव्हा प्राधिकरणाने सवलती देऊ केल्या: चटई क्षेत्रात, म्हणजे भूखंडावर बांधता येणाऱ्या एकूण मजला-क्षेत्रफळात, सुमारे एक तृतीयांश वाढ, भूखंडाच्या हद्दीत फेरफार करण्याची मुभा, विकास-आकारात अंशतः सूट आणि भाडेपट्टा पुन्हा 99 वर्षांपर्यंत वाढवून मिळण्याची शक्यता. मूळ इमारत राखायची आणि तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या 45 मजली निवासी मनोऱ्यातून खर्च भरून काढायचा, असा हा सौदा आहे. जतनाचा पैसा जेव्हा अशा वाढीव चटई क्षेत्रातून उभा राहतो, तेव्हा राखलेल्या भागालाही नव्या मनोऱ्याच्या तोलाचे भाडे मिळवावेच लागते. आणि पपईची कोशिंबीर विकणाऱ्याला ते भाडे परवडणार नाही हे समजायला अर्थशास्त्री लागत नाही. ज्या स्वस्ताईने वस्ती घडवली तीच या सौद्यात आधी विकली जाते.

निर्णय कोणी घेतला हेही पाहिले पाहिजे. सिंगापूरच्या कायद्यानुसार दहा वर्षांहून जुनी स्ट्राटा इमारत विकण्यास, मालकी-हिश्श्यांच्या आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने 80 टक्के मालकांची संमती पुरते. उरलेल्यांना ती बंधनकारक ठरते. थाई दुकानदार बहुतांशी भाडेकरू होते, त्यामुळे त्यांना मतच नव्हते, आणि व्हरांड्यात बसून जेवणारा कामगार तर या हिशेबात कोठेच बसत नव्हता. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास कितीही रखडो आणि कितीही बदनाम होवो, तेथे निदान बहुसंख्य जुन्या भाडेकरूंच्या संमतीवाचून सहसा पान हलत नाही आणि त्यांना त्याच जागी गाळा देणे बंधनकारक असते. या भाडेकरूंच्या पागडी पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने घरमालकाला दुरुस्तीपासून परावृत्त केले आणि इमारती पडू दिल्या. पण राहणाऱ्याचा हक्क आणि मालकाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी तिने कायद्याला कबूल करायला लावले.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल. इमारत रिकामी होण्याच्या आधीच थाई कामगारांची संख्या बरीच घटली होती, बांधकामावर त्यांची जागा बांगलादेशी आणि भारतीय कामगारांनी घेतली होती, आणि मूकाटाच्या टेबलांभोवती शेवटच्या काही वर्षांत सिंगापूरकरच अधिक दिसत. मग जी वस्ती आपोआप विरत होती तिच्यासाठी भाडी गोठवून ठेवणे म्हणजे दारिद्र्याचे संग्रहालय करणे नव्हे काय? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करावी लागते. परंतु वस्ती विरत जाणे आणि तिला एका तारखेला उठवणे यांत फरक आहे: विरणाऱ्या वस्तीची जागा त्याच स्वस्त गाळ्यांत दुसरी कोणतीतरी नवागत वस्ती घेते, उठवलेल्या वस्तीची जागा ती घेऊ शकत नाही. आणि वापराचे रक्षण भाड्यामार्फत करता येते, हे सिंगापूरइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना सरकारी केंद्रांत आणून, त्यांतल्या कित्येकांना सवलतीचे भाडे लावूनच त्या देशाने आपली खाद्यसंस्कृती टिकवली, आणि 2020 मध्ये तिला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळवले. असे एक केंद्र गोल्डन माइलच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे. दिलेल्या वाढीव चटई क्षेत्राचा लहानसा हिस्सा छोट्या गाळ्यांसाठी मर्यादित भाड्याने राखून ठेवण्याची अट घालणे अशक्य नव्हते. पण वारशाची व्याख्या काँक्रीटच्या पायऱ्यांपाशी थांबली असल्याने ती अट सुचली नाही.

दुकानदारांपैकी काही शेजारच्या गोल्डन माइल टॉवरमध्ये गेले, मोठे थाई किराणा दुकान कलांगमधील एका मॉलमध्ये नव्याने उघडले, काहींनी धंदा आवरला. आता लक्ष चायनाटाउनमधील ‘पीपल्स पार्क कॉम्प्लेक्स’कडे लागले आहे. रचनाकारांत लिम आणि ताय तेच, काळ तोच, मालकी तशीच विखुरलेली, आणि चीनमधून आलेल्या नव्या स्थलांतरितांचे पैसे पाठवण्याचे, फोन घेण्याचे, गावाकडचे खाण्याचे ठिकाण म्हणून तिचा वापरही तसाच. तिच्या सामूहिक विक्रीचे प्रयत्न याआधी झाले आहेत. पुढच्या खेपेस तिच्या जतनाचा सौदा ठरेल तेव्हा गाळ्यांच्या भाड्याचा प्रश्न संरक्षणाच्या अटींमध्ये येतो की पुन्हा बाजारावर सोडला जातो, यावर तेथे नेमके काय राखले जाणार हे ठरेल.