दोनच हात

कळंबला मांजरा नदीपासून जवळच्या एका शाळेत ती खो-खो खेळायची. धाराशिव जिल्ह्याला या खेळाचं वेड जुनं. इथल्याच सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून गावोगावच्या पोरी जास्तच ईर्ष्येनं मैदानात उतरू लागल्या. हिचा सूर बघायला तर बाकीच्या पोरी थांबायच्या. पळणारी चार हात पुढं असली तरी ही अंग झोकून द्यायची आणि हिची बोटं तिच्या टाचेला लागायचीच.

नववीत असताना एका सकाळी वेणी घालता घालता आजीचा हात थांबला. डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा.

"चाई पडली गं माय," आजी हळूच म्हणाली.

लसूण चोळून झाला, कांद्याचा रस लावून झाला, येरमाळ्याच्या येडेश्वरीला साकडं घालून झालं. धाराशिवच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. रोगांशी लढणारी शरीराची ताकद चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. केस परत येऊ शकतात, पण कधी ते सांगता येत नाही. औषध सुरू झालं, तरी चट्टे वाढतच गेले. ती डोक्याला ओढणी घट्ट बांधून शाळेत जाऊ लागली.

खेळ सुटला नाही, पण सूर सुटला. सरांच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर त्यांनी तिला खांबापाशी बसवलं आणि टेनिसमधली एक खरी गोष्ट सांगितली.

"१९९० साल. पॅरिसला फ्रेंच ओपनची अंतिम फेरी. अमेरिकेचा आंद्रे अगासी वीस वर्षांचा होता. त्याच्या लांब केसांवर जग फिदा. कॅमेऱ्याच्या एका जाहिरातीत तर, माणसाचं दिसणं हेच सगळं, असं तो सांगायचा. पण केस गळत होते आणि तो टोप घालायचा. सामन्याच्या आदल्या रात्री अंघोळ करताना तो टोपच उसवला. भावाच्या मदतीनं पिना लावून कसाबसा जोडला. दुसऱ्या दिवशी देवाकडं त्यानं काय मागितलं असेल?"

"जिंकू दे म्हणून?"

"नाही. टोप पडू देऊ नको म्हणून. समोर इक्वेडोरचा आंद्रेस गोमेझ होता, तिशीचा. अगासी हरला. पुढं २००९ मध्ये 'ओपन' या आत्मचरित्रात त्यानं हे सगळं स्वतःच लिहिलं."

"मग काय केलं त्यानं?"

"१९९४ सरता सरता डोकं भादरलं. जानेवारीत मेलबर्नला तसाच उतरला आणि पीट सॅम्प्रसला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. एप्रिलमध्ये जगात पहिला."

"केस काढले म्हणून जिंकला?"

"छे! त्यानंतरही तो कितीदा तरी हरला. पण टोप सांभाळायचं काम तेवढं संपलं."

ती ओढणीच्या गाठीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी ओढणी काढू का सर?"

"ते तुझं तू ठरव. डोकं तुझं आहे. मी एवढंच विचारतो, सूर मारायच्या वेळी तुझा डावा हात कुठं असतो?"

ती काहीच बोलली नाही. हात तेव्हाही डोक्यावरच होता.

पुढच्या आठवड्यात सामना होता. मैदानात उतरण्याआधी तिनं ओढणी सोडली, घडी घातली आणि आजीच्या मांडीवर ठेवली. पलीकडून कुणीतरी हसलं. तिचे कान तापले, पाय क्षणभर जड झाले. तेवढ्यात पाठीवर खो बसला. पळणारी खांबाकडं वळली आणि हिनं दोन्ही हात पुढं टाकून सूर मारला. बोटं टाचेला लागली.

सामना त्यांनी एका गुणानं गमावला. ती आजीजवळ आली तेव्हा धापा टाकत होती, डोकं मातीनं माखलेलं. जिथं वेणी घालायची तिथली माती आजीनं पदरानं पुसली. ओढणी पुढं केली. पोरीनं ती घेतली आणि गळ्यात टाकली.

बोध : माणसाला हात दोनच. त्यातला एक झाकण्यात गुंतला, की उरलेल्या एकानं मोठं काही धरता येत नाही.