कोठार राखणाऱ्याचा धर्म

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात नव्याने सांगावी लागत नाही. बहामनी काळातला दुष्काळ, बादशहाची भरलेली कोठारे, दारात उपाशी रयत, आणि शिक्षेची पर्वा न करता कुलपे काढणारा अधिकारी. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतली, असे परंपरा सांगते. कीर्तनात भर असतो तो कोठार उघडण्यावर, आणि तो असायलाच हवा. पण याच कथेत आणखी दोन गोष्टी आहेत, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कोठार उघडले तेव्हा आत खाण्याजोगे धान्य होते, म्हणजे कोणीतरी ते ओलीपासून आणि किडीपासून जपले होते. आणि त्या धान्याचा हिशेब साक्षात देवानेही चुकता केला. दया आली म्हणून हिशेब सुटला नाही. यातून निघणारे एकच म्हणणे मला इथे मांडायचे आहे: सार्वजनिक कोठारातले धान्य नीट राखणे हा अन्नदानाचाच पहिला भाग आहे, आणि त्या राखणीत झालेली हयगय ही तोट्याच्या रकान्यात लिहून मोकळे होण्याची बाब नाही. तो अधर्म आहे.

राजसत्तेने वाईट दिवसांसाठी धान्य साठवावे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. गोरखपूर जिल्ह्यातल्या सोहगौरा येथे सापडलेला ताम्रपट आणि आज बांगलादेशात असलेल्या महास्थानचा शिलालेख हे दोन्ही साधारण मौर्यकाळातले मानले जातात, आणि दोन्ही संकटकाळच्या कोठारांविषयी बोलतात. महास्थानच्या लेखात तर चांगले दिवस आले की कोठार पुन्हा भरून द्यावे अशी आज्ञा आहे. कौटिल्याने कोष्ठागाराच्या अध्यक्षाला सांगितले आहे की निम्मा साठा प्रजेच्या आपत्तीसाठी राखून ठेवावा, आणि जुने धान्य काढून त्याच्या जागी नवे भरत राहावे. आजच्या गोदामातला ‘आधी आलेले आधी बाहेर’ हा नियम त्याहून वेगळा नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे नेली. स्वतंत्र भारताने १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ उभे केले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा हक्क दिला. या कायद्याने कोठारातल्या धान्याचे नैतिक स्वरूपच पालटले. जे एकेकाळी राजाचे होते आणि त्याच्या मर्जीने मिळत होते, ते आता शिधापत्रिकाधारकाचे आहे आणि त्याच्या वतीने ठेवलेले आहे. ठेव सांभाळणाऱ्याला आपल्या धर्मविचारात मालकापेक्षा जास्त कडक नियम आहेत. मालक स्वतःच्या वस्तूची हेळसांड करील तर ती त्याची बेपर्वाई ठरते, विश्वस्ताने केली तर तो विश्वासघात ठरतो. गांधीजींनी संपत्तीबद्दल विश्वस्तपणाची कल्पना मांडली. सरकारी गोदामाइतकी ती दुसरीकडे कुठे चपखल बसणार?

राखणे म्हणजे नेमके काय, हे गोदामात जवळ जाऊन पाहिल्याशिवाय या धर्माचे वजन कळत नाही. पोती जमिनीवर टेकवून चालत नाहीत. खाली लाकडी चौकटी अंथरून त्यांवर थप्पी लावावी लागते, नाहीतर फरशीची ओल सर्वांत खालच्या थराला धरते आणि वरून थप्पी शाबूत दिसत असताना तळची पोती कुजतात. थप्पी आणि भिंत यांच्यात माणूस चालेल इतकी वाट सोडावी लागते, म्हणजे प्रत्येक बाजूने पाहता येते. धान्यात ओलावा चौदा टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशीला आणि सोंड्यांना आयते घर मिळते. किडीने धरलेल्या पोत्यात हात घातला तर धान्य कोमट लागते, बोटांना पीठ चिकटते आणि कुबट वास येतो. कीड मारण्यासाठी थप्पीवर आच्छादन टाकून अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. त्यातून निघणारा वायू माणसालाही मारू शकतो, म्हणून आच्छादन कधी काढायचे, गोदाम किती वेळ मोकळे ठेवायचे, याची शिस्त जिवाशी बांधलेली असते. बुरशीचा धोका याहून लपलेला. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तो मका सरकारी गोदामातला नव्हता, घरचा होता. पण त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही पुरते जात नाही, ही गोष्ट घरच्या कणगीला जितकी लागू आहे तितकीच लाखो टनांच्या साठ्याला. पोते मोजून पुरे भरले एवढ्याने काम संपत नाही. आत अन्न आहे की नाही, हा प्रश्न उरतोच.

यावर पहिला आक्षेप उघडपणे कमी आणि मनातल्या मनात जास्त घेतला जातो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. मग फुकट मिळणाऱ्या वस्तूत खोट काढायची कशाला? ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आपण घेणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरतो. पण गाईंच्याच दानाबद्दल कठोपनिषदाने नेमका उलटा प्रश्न विचारला आहे. नचिकेत्याचा बाप यज्ञात ज्या गाई देत होता त्यांचे पाणी पिणे, गवत खाणे, दूध देणे सगळे संपले होते. मुलाला हे पाहून वाटले की असले दान देणाऱ्याच्या वाट्याला आनंद नसलेले लोक येतात. उपनिषदातला सारा मृत्युसंवाद या एका अस्वस्थतेतून सुरू होतो. दानाची पारख घेणाऱ्याच्या कृतज्ञतेवर होत नाही, देणाऱ्याने काय दिले यावर होते. आणि इथे तर दानही नाही, हक्क आहे. शिवाय पैसे मोजणारा गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, रेशनवर जगणाऱ्या घराला ती सोय नसते. ज्याला नाकारता येत नाही त्याच्या ताटात जाणाऱ्या अन्नाची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. एवढ्या अवाढव्य व्यवस्थेत थोडी नासाडी होणारच, टक्केवारी पाहा, ती नगण्य आहे. हा आक्षेप खोटा नाही. वाहतूक, हमाली, हवामान यांत काही घट अटळ आहे, आणि आजची गोदामे पूर्वीच्या उघड्या चौथऱ्यांवरच्या ताडपत्रीखालील साठ्यांपेक्षा निश्चित बरी आहेत. पण टक्केवारी माणसे झाकते. सरकारी निकषानुसार १ जुलै रोजी गहू आणि तांदूळ मिळून सुमारे ४११ लाख टन साठा हाताशी असायला हवा. समजा त्यातला हजारातला एकच हिस्सा वाया गेला. तो ४१ हजार टनांहून अधिक भरतो. माणशी महिना पाच किलो या हिशेबाने ते पावणेसात लाखांहून अधिक माणसांचे वर्षाचे धान्य झाले. अटळ घट सोसावी लागेल, पण टाळता आली असती ती घट अटळ घटीच्या आडोशाला उभी करणे, हा हिशेब ठेवणाऱ्याचा अप्रामाणिकपणा आहे.

तिसरा आक्षेप दयेच्या बाजूने येतो. साठवता कशाला, वाटून टाका. या आक्षेपाला इतिहासाचे बळ आहे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि देशाची गोदामे ओसंडून वाहत होती. त्यातूनच अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१० साली न्यायालयाने सरकारला सांगितले की धान्य सडू देण्यापेक्षा गरिबांना फुकट द्या. गरजेपेक्षा जास्त साठा धरून बसणे आणि बाहेर भूक असणे, याचे समर्थन कोणत्याही धर्माने होणार नाही. गीतेने स्वतःपुरते शिजवणाऱ्याला पापाचा धनी म्हटले आहे, ते राज्यालाही लागू पडते. पण सगळेच वाटून टाकले तर पुढच्या अवर्षणात दामाजीपंताला उघडायला कोठारच उरणार नाही. उद्याचा उपाशी माणूस आज समोर उभा नसतो, म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. राखणे आणि देणे यांत निवड करायची नाही. वेळेवर देता यावे म्हणूनच राखायचे, आणि जुने होण्याआधी देऊन टाकायचे.

चौथा आक्षेप सर्वांत खोल आहे, कारण तो अहिंसेचा आहे. एका धुरीत असंख्य जीव मरतात, उंदीर-घुशींना विष घालावे लागते. माणसाच्या घासासाठी हे क्षम्य आहे का? जैन विचाराने हा प्रश्न ज्या गांभीर्याने घेतला, त्याची टिंगल करू नये. पिके फस्त करणाऱ्या माकडांविषयी लिहिताना खुद्द गांधीजींनीही मान्य केले होते की शेती राखायची तर काही हिंसा पत्करावी लागते, आणि त्या हिंसेला त्यांनी अहिंसेचे नाव दिले नाही. मला यातून निघणारा धडा असा दिसतो: जीव घेण्याची वेळ येण्याआधी जे करता येते ते न करणे, हा खरा दोष. धान्य वाळवूनच आत घेतले, छत गळू दिले नाही, दाराच्या फटी बुजवल्या, सांडलेले दाणे रोज झाडले, तर विषाची गरजच कमी होते. गोदामातला झाडू हे अहिंसेचे साधन आहे. ज्याने झाडले नाही त्याच्या वाट्याला कीटकाची हत्या येते आणि माणसाची उपासमारही.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. गिरणीपासून रेशन दुकानापर्यंत पोते इतक्या हातांतून जाते की बिघाड झाला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. काम वाटले म्हणून दोष वाटला जात नाही. ओले पोते पाहून ते आत घेणारा, छताची तक्रार फायलीत ठेवणारा, मुदत उलटूनही साठा न हलवणारा, यांतल्या प्रत्येकाकडे ठेवीचा तेवढा तुकडा पूर्ण जबाबदारीने सोपवलेला होता. आणि ही ठेव ज्यांची आहे त्यांनाही तिच्याकडे लक्ष ठेवण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. दक्षता समित्या त्यासाठीच आहेत. आपल्या गावची समिती कागदावर आहे की खरोखर गोदामात जाऊन पाहते, हे विचारा. कुबट वासाचे धान्य निमूट पिशवीत घेऊ नका, आणि ज्याला बोलायची भीती वाटते त्याच्या बाजूने उभे राहा. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या समाजाने निदान एवढे तरी केलेच पाहिजे.