पाळणें आणि पोसणें

मराठींत 'पाळणें' आणि 'पोसणें' असे दोन शब्द आहेत, आणि रोजच्या व्यवहारांत ते आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत एक सूक्ष्म भेद आहे. पोसणें म्हणजे अन्न घालून वाढविणें. पाळणें म्हणजे राखणें, जपणें. आपण वचन पाळतों, व्रत पाळतों, पथ्य पाळतों. त्यांपैकीं कशालाच कोणी पोशीत नाहीं. पाळण्यांत एक बंधन आहे, आणि तें पाळणाऱ्यावर आहे. हा भेद एरवीं कोशकारापुरता राहिला असता. पण परसांत किंवा गच्चीवर पांचपंचवीस ब्रॉयलर पिलें आणून, तीं सहा आठवडे वाढवून, घरच्याच चुलीवर चढविण्याचा परिपाठ आतां कांहीं घरीं दिसतो, आणि त्या घरांतील विचारी माणसांस एक प्रश्न हटकून पडतो. ज्याला उद्यां कापावयाचें, त्याला आज स्वहस्तें भरविणें हा विश्वासघात नव्हे काय? या प्रश्नाच्या मुळाशीं गेल्यास तो वरील दोन शब्दांतील भेदापाशींच येऊन ठेपतो, असें मला वाटतें.

प्रथम या संगोपनाचें स्वरूप पाहूं. एका दिवसाचें पिलूं वजनांत सुमारें ४० ग्रॅम भरतें. अंड्यांतील बलकाचा शेष पोटांत असल्यामुळें दोनतीन दिवस तें अन्नावांचून तग धरतें, आणि म्हणूनच खोक्यांत घालून तें दूरवर पाठवितां येतें. घरीं आल्यावर आधीं पाणी दाखवावयाचें, चोंच एकदां बुडवावयाची, आणि मग खाद्य. पहिल्या आठवड्यांत त्याला ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ५ अंशांनीं उतरवीत न्यावयाची. उष्णतामापकापेक्षां पिलेंच अधिक खरें सांगतात. दिव्याखालीं एकमेकांवर चढून बसलीं म्हणजे थंडी, दिव्यापासून दूर पळून चोंची वासूं लागलीं म्हणजे उष्मा, आणि सर्वत्र सारखीं विखुरलीं म्हणजे सर्व ठीक. खालीं भाताच्या तुसाचा थर घालून तो वरचेवर हलवून कोरडा राखावयाचा, कारण ओलाव्यापाठोपाठ रक्ती हगवण येते. खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. आरंभीं त्यांत प्रथिनें शेंकडा २२ च्या आसपास, पुढें कांहींशीं कमी. रात्रीं वीज गेली कीं उठावें लागतें, मांजराची चाहूल लागली कीं धांवावें लागतें. या शुश्रूषेंत ढोंग कोठेंच नाहीं. थोड्याच दिवसांत पिलें हाताला ओळखूं लागतात, आणि तो दिसतांच त्याच्याकडे धांवत येतात. आक्षेप उत्पन्न होतो तो नेमका याच क्षणीं.

विश्वासघाताला वचन लागतें, आणि पक्ष्याला वचन कळत नाहीं, असें म्हणून हा आक्षेप झटकून टाकणारे पुष्कळ आहेत. परंतु तें उत्तर अपुरें आहे. वचन तान्ह्या मुलालाहि कळत नाहीं, तरी त्याला घरांत आणणारा बांधला जातोच. बंधन समजणाऱ्याच्या बाजूला असतें. तेव्हां विचारावयाचें तें हें, कीं दाणे टाकणारा हात नेमकें कशाचें वचन देतो? अमरत्वाचें खास नव्हे. घार, मुंगूस आणि मानमोडी यांच्या राज्यांत कोंबडीला दीर्घायुष्याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. तो हात इतकेंच सांगतो, कीं तूं माझ्या स्वाधीन आहेस तोंवर तुझ्या जातीला साजेल असें जिणें तुला मिळेल. मातींत लोळतां येईल, जमीन उकरतां येईल, पायांवर उभें राहतां येईल, भूक लागेल तेव्हां खाऊन तृप्त होतां येईल. हें वचन सुरीनें मोडत नाहीं. जगणें जगण्यासारखें नसलें म्हणजे तें मोडतें, मग शेवटीं सुरी असो वा नसो.

ही कसोटी आपल्या परंपरेला सर्वस्वीं परिचित होती असें म्हणवत नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना वर्ज्य पदार्थांच्या यादींत ग्रामकुक्कुट, म्हणजे गांवांतला कोंबडा, आहे. तो उकिरडा उकरतो म्हणून अशुद्ध, अशी लोकसमजूत. त्या न्यायानें आजचें ब्रॉयलर पिलूं परमपवित्र ठरावें, कारण त्यानें जन्मांत उकिरडा पाहिलेला नसतो! यांतली मेख अशी, कीं तो नियम खाणाऱ्याच्या शुद्धीचा होता, पक्ष्याच्या सुखाचा नव्हता. बौद्ध भिक्षूंना मांस घेण्याची मुभा होती ती तीन अटींवर: प्राणी आपल्यासाठीं मारतांना पाहिलेला नसावा, तसें ऐकलेलें नसावें, आणि तशी शंकाहि नसावी. भिक्षापात्रांत पडेल तें निमूटपणें घेणाऱ्यासाठीं हा नियम सुसंगत होता. आजच्या बाजारानें न पाहण्याची व न ऐकण्याची ती सोय प्रत्येक ग्राहकास करून दिली आहे, भिक्षापात्र मात्र कोणाच्या हातीं दिलेलें नाहीं. आपण मागणी करतों, दाम मोजतों, आणि तरीहि आपल्यासाठीं कांहीं मारलें गेलें अशी शंका मनाला शिवूं देत नाहीं. घरीं पिलें वाढविणाऱ्याला ही सवलत नाहीं. तो पाहतो, ऐकतो, आणि शंकेला तर त्याच्यापाशीं जागाच उरत नाहीं. नैतिक दृष्ट्या तो बाजारांत जाणाऱ्याहून हीन नसून निदान प्रामाणिकपणांत एक पायरी वर आहे.

परंतु येथेंच थांबलों तर खरा प्रश्न हुकेल. त्या घरचें पिलूं कोणत्या जातीचें आहे, हें अद्यापि आपण विचारलेलें नाहीं.

१९२३ सालीं अमेरिकेंतील डेलावेअर राज्यांत सेसिल स्टील या बाईंनीं अंड्यांसाठीं ५० पिलें मागविलीं, तीं चुकून ५०० आलीं. त्यांनीं तीं वाढवून मांसासाठीं विकलीं, आणि त्यांत नफा दिसतांच पुढें तोच धंदा वाढविला. १९४८ सालीं त्याच राज्यांत 'उद्यांची कोंबडी' या नांवाच्या स्पर्धेची राष्ट्रीय अंतिम फेरी झाली. रुंद छाती आणि जलद वाढ हे तिच्यांतील मुख्य गुण. त्यानंतरच्या निवडीनें काय साधलें, हें कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत दिसतें. १९५७ आणि १९७८ सालचे, पुढें फेरबदल न करतां राखलेले दोन वंश आणि २००५ सालचा धंद्यांतील एक वंश त्यांनीं एकाच खाद्यावर वाढविले. ५६ व्या दिवशीं त्यांचीं सरासरी वजनें अनुक्रमें ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरलीं. खाद्य तेंच, दिवस तितकेच. वाढ मात्र साडेचार पटींहून अधिक.

तात्पर्य, मनुष्यानें येथें केवळ पक्षी पोसला नाहीं. त्याची भूकहि त्यानेंच घडविली. गांवठी कोंबडी पोट भरलें कीं चरावयास निघून जाते. हें पिलूं खाद्याच्या भांड्यापाशींच बसकण मारतें. मांस झपाट्यानें चढतें, पण हाडें आणि काळीज यांना ती गति झेपत नाहीं. कोणाचे पाय फांकतात, कोणाच्या पोटांत पाणी होतें, कोणी धडधाकट दिसतां दिसतां उलथून पडतें. म्हणून जाणता मनुष्य रात्रीं कांहीं तास खाद्य उचलून ठेवतो. पाहा, केवढा हा उलटा न्याय! ज्या जीवाला पोटभर घालणें हाच अपाय, त्याच्याशीं दया करावी तरी कोणत्या मार्गानें? घरांतलें एखादें लहान मूल रडून म्हणतें, कीं याला मारूं नका, राहूं द्या. गांवठी कोंबड्याच्या बाबतींत त्याचा हट्ट पुरवितां येईल. या पिलाला मात्र मनसोक्त खाऊं घालून राहूं दिलें तर थोड्याच महिन्यांत त्याला स्वतःचा भार उचलवेनासा होतो. जीवदान हीच शिक्षा होऊन बसते. त्याच्या आईबापांची अवस्था तर याहून बिकट. त्यांना प्रजोत्पादनासाठीं जगवावयाचें असल्यामुळें वाढीच्या काळांत तीं मनसोक्त खातील त्याच्या जेमतेम निम्म्यावर, पुष्कळदां त्याहूनहि कमी खाद्यावर, ठेवावीं लागतात. म्हणजे मुलें अतिभोजनानें आणि आईबाप भुकेनें, असा हा एका कुळाचा संसार आहे.

'कोंबडें झांकलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं' असें आपण म्हणतों. हें कोंबडें आरवण्याच्या वयालाच पोंचत नाहीं. सुमारें सहा आठवड्यांनीं तें सुरीखालीं जातें तेव्हां दोन किलोंचें असतें, पण त्याचा आवाज अजून पिलाचाच असतो. 'शेळी जाते जिवानिशीं, खाणारा म्हणतो वातड' ही म्हण ज्यानें केली त्याला कोंवळेपणाची ही किंमत ठाऊक नव्हती.

एवंच, नैतिक प्रश्न सुरीपाशीं आहे असें समजून आपण वाद घालीत बसतों. तो सुरीच्या पुष्कळ आधीं, अंडीं उबविण्याच्या यंत्रापाशीं आणि वंशाच्या निवडीपाशीं उभा असतो. घरीं कितीहि मायेनें वाढविलें तरी अशा पक्ष्याला दिलेलें वचन पुरें करणें फार कठीण, कारण तें मोडण्याची तजवीज त्याच्या शरीरांतच केलेली असते. त्याला आपण पोसूं शकतों. खऱ्या अर्थानें पाळूं शकत नाहीं.

यावर दोन बाजूंनीं हरकत येईल. शाकाहारी वाचक म्हणेल, कीं मांसच वर्ज्य केलें म्हणजे सारा प्रश्न मिटला. त्याच्या निष्ठेविषयीं मला आदर आहे. पण दूध पिणाऱ्यानें नको असलेल्या गोऱ्ह्याचें काय होतें हें पाहावें, आणि अंडें खाणाऱ्यानें अंड्यांच्या जातींतील नर पिलें बहुतेक ठिकाणीं पहिल्याच दिवशीं नष्ट केलीं जातात हें लक्षांत घ्यावें. जर्मनीनें २०२२ सालापासून ही रीत कायद्यानें बंद केली, यावरूनच तिचें गांभीर्य दिसतें. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. पूर्वीं कोंबडी म्हणजे जांवई, जत्रा किंवा आजारपण यांची वस्तु होती. ब्रॉयलरनें ती हातावर पोट असणाऱ्याच्या ताटांत आणली. त्या माणसाला कोंबडीच्या सुखदुःखावर प्रवचन देण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या प्राध्यापकाला नाहीं, हें मी मान्य करतों. माझें म्हणणें त्याच्यासाठीं नाहींच. परसांत जागा, हातांत वेळ आणि मनांत हौस असणाऱ्याला निवड करतां येते, आणि ज्याला निवड करतां येते त्याच्यावरच तिची जबाबदारी पडते.

ती निवड अशी. घरीं मांसासाठीं पक्षी वाढवावयाचेच असतील, तर आपल्या पायांवर आपलें आयुष्य पेलणारे पक्षी आणावे: आपली गांवठी कोंबडी, किंवा परसासाठींच तयार केलेल्या बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादची वनराज यांसारख्या जाती. त्यांना सहा आठवड्यांऐवजीं काहीं महिने द्यावे लागतील, प्रत्येक किलोमागें खाद्य अधिक लागेल, मांस कमी निघेल, आणि दांतांना थोडे श्रम पडतील. साहजिकच घरांत कोंबडी आठवड्याला न शिजतां महिन्याला शिजेल. हा तोटा खरा आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. पण वचन पाळतांना कांहीं खर्चावें लागतें, हेंच वचनाचें लक्षण होय. जें पाळतांना कांहींच सोडावें लागत नाहीं, त्याला आपण व्रत म्हणत नाहीं; सोय म्हणतों.