टॅबवरचा ठिपका

कोल्हापूरकडच्या एका गावात दूध संस्था होती. तिचे सचिव तात्या हिशेबाला पक्के. त्यांची पुतणी पुण्याहून इंजिनिअर होऊन आली होती आणि संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलांचा प्रोग्रॅम लिहीत होती. मदतीला तिने क्लॉड कोड घेतलं होतं. हा मदतनीस टर्मिनलच्या काळ्या खिडकीत राहतो. फाइली वाचतो, बदल सुचवतो, परवानगी दिली की लिहितोही. ती स्वतः मात्र व्हीएस कोड या एडिटरमध्ये लिहायची. एकाच घरात चुली वेगळ्या मांडलेल्या दोन भावांसारख्या त्या दोन खिडक्या शेजारी शेजारी असायच्या.

एके दिवशी तिच्या लक्षात आलं की म्हशीच्या दुधाच्या दराचा पाया 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ असायला हवा, तिथे आपण फॅट 6.5 टाकून बसलोय. तिने आकडा दुरुस्त केला आणि टर्मिनलमध्ये जाऊन सांगितलं, या दराची चाचणी लिही. मदतनीसाने चाचणी लिहिली, ती 6.5 धरूनच.

"डोळे फुटले का याचे? आत्ता तर बदललं मी!"

तात्या शेजारी फॅटच्या पावत्या लावत होते. "कुणावर गं ओरडतीस?"

ती काही बोलली नाही, कारण तेवढ्यात तिला तो दिसला: फाइलच्या नावाशेजारी, जिथे फुली असते तिथे, एक पांढरा ठिपका. फाइल सेव्हच केलेली नव्हती. दुरुस्त आकडा नुसता एडिटरच्या मनात होता. मदतनीस डिस्कवरची फाइल वाचतो, आणि तिथे अजून 6.5 च होता.

मग तिने ठरवलं, दोघांना जोडूनच टाकायचं. अशी सोय 2025च्या मे महिन्यातच आली होती. एडिटरमध्ये एक्स्टेन्शन बसवायचं, टर्मिनलमध्ये तिरकी रेघ देऊन 'आयडीई' लिहायचं, की ते एक्स्टेन्शन आणि मदतनीस त्याच संगणकाच्या आतल्या आत एकमेकांना सापडतात. इथे सापडेनात. तिने एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवलं, एडिटर बंद करून उघडला, पाऊण तास गेला. नडलं होतं ते साधंच. एडिटरमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर उघडलेलं होतं आणि टर्मिनल बाहेरच्या होम फोल्डरमध्ये उभं होतं. दोघांची घरं वेगळी, तर गाठ कशी पडणार? खरं म्हणजे फोल्डर जुळत नसल्याचं पडद्यावर लिहूनही आलं होतं. पण चिडलेला माणूस सूचना वाचत नाही, बंद-चालू करत बसतो. तिने प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन मदतनीस पुन्हा सुरू केला आणि जोडणी झाली.

त्यानंतरचे चार दिवस सुखाचे गेले. ती चार ओळी निवडायची आणि नुसतं "हे नीट कर" म्हणायची. कुठल्या ओळी ते त्याला कळायचं. एडिटरने लाल रेघ मारलेल्या चुका त्याच्यापर्यंत पोचायच्या. त्याने सुचवलेला बदल एडिटरमध्येच जुन्या मजकुराशेजारी उघडायचा, मग ती वाचून हो किंवा नाही म्हणायची. "आता याला माझं सगळं दिसतं," ती तात्यांना म्हणाली.

बिलं निघाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध घालायला आलेली एक म्हातारी बिलाचा कागद घेऊन खिडकीशी उभी राहिली. हिशेब 1,842 रुपये 40 पैसे, आणि बिल 1,842चं.

"तात्या, चाळीस पैशांचं काय नाय. पर ह्ये असं कवा झालं न्हवतं."

तात्यांचा चेहरा उतरला. आत येऊन ते पुतणीला म्हणाले, "तुझ्या त्या मशीनला अक्कल हाय का? आपल्यात वरचे पैसे कधी कापत नाहीत. एक पैसा वर असला तरी पुढचा रुपया धरायचा. 1,843 पाहिजेत."

तिने प्रोग्रॅम पाहिला. पन्नास पैशांच्या आत असेल तर खालचा रुपया, नाहीतर वरचा: जगभर चालतं तसंच पूर्णांकन. ती पुन्हा मदतनीसावर उखडणार होती. काळ्या खिडकीत दोन शब्द लिहिलेही, आणि थांबली.

"तात्या, ही वरच्या रुपयाची रीत कुठं लिहिलीय?"

"लिहायचं काय त्यात? तीस वर्षं असंच चाललंय."

"पोटनियमात? दरपत्रकावर? तुमच्या डायरीत तरी?"

तात्यांनी डायरीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. "सगळ्यांना म्हाईत हाय की गं."

"मला नव्हतं."

बाहेर कॅन आपटल्याचा आवाज आला. दोघंही थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने प्रोजेक्टच्या फोल्डरात एक नवी फाइल उघडली आणि तिला 'क्लॉड डॉट एमडी' असं नाव दिलं. काम सुरू करताना मदतनीस ही फाइल आधी वाचतो. तिने लिहिलं: बिलाची रक्कम रुपयात करताना पैसे कापायचे नाहीत, नेहमी पुढचा रुपया धरायचा. लॅपटॉप तात्यांकडे वळवला. तात्यांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली.

"'उत्पादकाचं बिल' असं लिही. डेपोच्या बिलाला ही रीत नाही."

तिने बदललं.

"आणि थांब, अजून एक हाय. चिकाचं दूध..." ते बोटांवर मोजत सांगू लागले, ती टाइप करू लागली. दुसरं बोट, तिसरं. मध्येच तात्या पडद्यावर वाकले.

"हा ठिपका कसला गं?"

ती हसली आणि तिने फाइल सेव्ह केली. तात्या चौथ्या बोटावर आले होते.