गोड आठवण, पण कोणाची?



वय चाळिशीकडे झुकू लागले की माणसाच्या बोलण्यात ‘आमच्या लहानपणी’ हे शब्द वारंवार येऊ लागतात. रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे उभी राहिली की हाच विषय निघतो. ज्येष्ठ मंडळींना बैलगाडीने केलेली हरेगावची मतमाउलीची यात्रा आठवते. त्यांच्या मागच्यांना गावात आलेला पहिला टीव्ही आठवतो. आम्ही १९९० च्या आगेमागे जन्मलेलो. आम्हाला आठवतो तो संगणकावरचा एक खेळ. त्याचे नाव पोकेमॉन.

चर्चच्या पत्रकात व्हिडिओ गेमची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण या खेळाच्या आठवणीने आम्हाला अलीकडे एक प्रश्न विचारला आणि उत्तर देताना आमची मान खाली गेली. म्हणून हे लिहीत आहोत. प्रश्न साधा आहे. जुन्या दिवसांची ओढ वाटणे चांगले की वाईट?

तासाला वीस रुपये

आपल्याकडे पोकेमॉनचे कार्टून टीव्हीवर २००३ साली सुरू झाले. चिप्सच्या पुड्यांतून त्यातल्या प्राण्यांच्या चकत्या निघू लागल्या आणि मधल्या सुट्टीत त्यांची देवघेव चाले. आम्हा दोघा चुलतभावांना प्रत्यक्ष खेळ सापडला तो २००५ साली, तालुक्याच्या गावातल्या एका सायबर कॅफेत. तेव्हा आपला जिल्हा अहमदनगर होता, आता तो अहिल्यानगर झाला आहे. हा खेळ मुळात हातात मावणाऱ्या एका जपानी यंत्रासाठी बनवलेला. ते यंत्र आम्ही कधी पाहिलेही नव्हते. कोणीतरी सीडीवरून खेळ संगणकात टाकला होता, तेवढ्यावर आमचे भागले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात गोळ्या झाडायच्या नसतात. खेळणाऱ्याने एका मुलाची भूमिका घ्यायची. सुरुवातीलाच खेळ त्या मुलाचे नाव विचारतो. आपण देऊ ते नाव त्याला मिळते. मग गावातले एक प्राध्यापक त्याला तीन प्राण्यांपैकी एक निवडू देतात. आम्ही चारमँडर निवडला. त्याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत असते, ती विझली तर त्याचा जीव जातो. त्याला घेऊन गावोगाव फिरायचे, नवे प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि आठ ठिकाणच्या उस्तादांना हरवून आठ बिल्ले मिळवायचे. वेळ संपली की खेळ सेव्ह करायचा आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे निघायचे.

तासाला वीस रुपये पडत. आम्ही दोघे दहा-दहा काढायचो. नावासाठी इंग्रजीतली सातच अक्षरे मिळत, म्हणून आमच्या दोघांच्या नावांची अर्धी अर्धी अक्षरे जोडून आम्ही त्या मुलाचे बारसे केले.

आमच्याबरोबर तिसरा एक मित्र असे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आमच्याच बाकावर बसायचा. त्याचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने जात. त्याच्याकडे पैसे नसत, म्हणून तो आमच्या खुर्च्यांच्या मागे उभा राहून बघायचा. कोणत्या वाटेने जायचे, कोणता प्राणी पुढे करायचा, हे त्याला आमच्या आधी सुचायचे. त्याने मागून सांगायचे आणि आम्ही बटण दाबायचे. पुढे वीस वर्षे आम्ही सगळ्यांना सांगत आलो की आम्ही तिघे पोकेमॉन खेळायचो.

एकट्याने पुरा न होणारा खेळ

मोठेपणी आम्ही या खेळाचा इतिहास वाचला. तो सातोशी ताजिरी नावाच्या जपानी माणसाने निर्माण केला. त्यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोजवळच्या माचिदा भागात ते वाढले. तिथे तेव्हा शेते आणि तळी होती आणि लहानग्या सातोशीला किडे पकडण्याचा नाद होता. आपल्याकडची मुले काडेपेटीत सोनकिडा ठेवत, चतुराच्या शेपटीला दोरा बांधत, तसाच. पुढे शहर वाढले, तळी बुजली, इमारती उभ्या राहिल्या. आपल्याला मिळालेला तो आनंद आता शहरातल्या मुलांना मिळणार नाही, ही हुरहूर त्यांच्या मनात होती. त्यातून हा खेळ आला. तो पुरा व्हायला सुमारे सहा वर्षे लागली आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानमध्ये विक्रीला आला. म्हणजे ज्या खेळाची आम्हाला ओढ वाटते, तोच मुळी एका माणसाच्या बालपणाच्या ओढीतून जन्मला. जुन्या दिवसांची ओढ माणसाला दुसऱ्याच्या मुलांसाठी काही करायला लावू शकते, हे इथे दिसते.

ताजिरी यांनी त्यात आणखी एक गोष्ट केली. खेळ लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्यांत काढला. काही प्राणी एकीतच सापडत, काही दुसरीतच. दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी अदलाबदल केल्याशिवाय कोणाचाच संग्रह पुरा होत नसे. काही प्राणी तर दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय पुढच्या रूपाला पोचतच नाहीत. खेळाचा कायदाच देवघेवीचा होता. आमच्या सायबर कॅफेत तार नव्हती. पण मित्र मागे उभा होता.

पुसलेला गेम

आमचे सात बिल्ले झाले होते. एका रविवारी आम्हाला पोचायला उशीर झाला. जाऊन पाहतो तर आमचा मित्र खुर्चीवर बसलेला आणि पडद्यावर खेळ अगदी पहिल्या गावात. त्याने नवा खेळ सुरू करून तो सेव्ह केला होता. या खेळात एकच जागा असते. नवे सेव्ह केले की जुने पुसले जाते. तशी सूचना इंग्रजीत येते. आम्ही सारे मराठी शाळेत सहावीत. त्याने ‘येस’ दाबले होते.

आम्ही त्याला तिथेच, सर्वांदेखत, ‘फुकट्या’ म्हणालो. तो उठून गेला. पुढच्या रविवारपासून तो धर्मशिक्षणाच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसू लागला. नंतर त्याचे घर कामाच्या शोधात दुसऱ्या तालुक्यात गेले. आम्ही मात्र ही गोष्ट लग्नकार्यांत, मित्रांच्या बैठकीत रंगवून सांगत राहिलो. सात बिल्ले, एक नवा खेळ आणि सगळे पाण्यात! लोक हसत. आम्हीही हसत असू.

२०२५ च्या सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेत गर्दीतून कोणीतरी हाक मारली. तोच होता, सोबत पत्नी आणि दोन मुले. आम्हाला फार आनंद झाला आणि तोंडातून सहज निघाले, “काय रे, आमचा गेम पुसणारा!”

तो हसला. मग म्हणाला, “पुसायचा नव्हता रे. मला फक्त माझं नाव टाकून बघायचं व्हतं.”

आम्ही गप्प झालो. त्याने पुढे जे सांगितले ते त्याच्या मुलांना सांगितल्यासारखे, जराही राग न ठेवता सांगितले. त्या आठवड्यात तो आईबरोबर कांदे काढायला गेला होता. त्यातले दहा रुपये आईने त्याला दिले. त्या दहा रुपयांचा अर्धा तास त्याने विकत घेतला होता. त्या वेळी ती खुर्ची आणि तो संगणक हक्काने त्याचा होता. त्या दिवशी तिथे फुकट कोणी बसले असेल, तर ते आम्ही नव्हतो आणि तोही नव्हता.

मिसरातले कांदे

गतकाळाच्या ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा चांगला शब्द आहे. युरोपात तिला नाव दिले योहानेस होफर या स्विस डॉक्टरने, १६८८ साली. परदेशात राहणारे आपले देशबांधव घराच्या आठवणीने खंगतात हे पाहून त्याने हा आजार मानला. आज आपण तिला आजार म्हणत नाही. तरी तिच्यात एक दोष आहे. ती आपल्याला हवे तेवढेच दाखवते.

पवित्र शास्त्रात याचे उदाहरण आहे. गणना ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात इस्राएली लोक अरण्यात रडू लागतात. त्यांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवतात. ते सारे तिथे फुकट मिळायचे, असेही ते म्हणतात. फुकट! ज्या देशात त्यांच्या पाठीवर चाबूक ओढले गेले आणि मुले नदीत टाकली गेली, त्या देशाविषयी हे शब्द. कांद्याची चव जिभेवर राहिली आणि विटांचा भार विसरला गेला. त्यांनी निदान स्वतःचा भार विसरला होता. आमच्या गोष्टीत आम्ही विसरलो तो दुसऱ्याचा.

संत अगुस्तीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात सोळाव्या वर्षी मित्रांसोबत केलेली नासपतीची चोरी सांगितली आहे. फळे खायचीही नव्हती. नंतर ती डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर ते पानेच्या पाने लिहितात आणि शेवटी कबूल करतात की एकटे असतो तर हे आपल्या हातून झाले नसते. दुसरा कोणी ती गोष्ट हसत सांगत बसला असता. अगुस्तीन तिच्यापाशी थांबले आणि तिने त्यांना स्वतःची ओळख करून दिली. या लेखात आम्हीही ‘आम्ही, आम्ही’ म्हणत आलो आहोत. ‘आम्ही’ म्हटले की दोष वाटला जातो आणि कोणाच्याच वाट्याला फारसा येत नाही. आणि याच ‘आम्ही’त त्या मुलाला ओढून घेतले की त्याचे मागे उभे राहणेही झाकले जाते.

मग जुने दिवस आठवूच नयेत का? तसे आम्हाला वाटत नाही. आपली मिस्सादेखील स्मरणच आहे. पण त्या भोजनाची आठवण करताना आपण त्याची किंमत झाकत नाही. भाकर मोडली जाते, ती सर्वांसमोर. ज्याने किंमत मोजली त्याचे नाव घेतल्याशिवाय ते स्मरण पुरे होत नाही. आपल्या घरगुती आठवणींनाही हेच माप लावावे, असे आम्हाला वाटते. नाताळच्या फराळाची चव आठवते, तेव्हा चुलीपुढे रात्र कोणी काढली ते आईला विचारावे. यात्रेची बैलगाडी आठवते, तेव्हा गाडीत जागा नसल्याने पायी कोण आले ते आत्याला विचारावे. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना सर्वांच्या शेवटी कोण जेवत असे, ते त्या घरच्या सुनांना विचारावे. उत्तर ऐकूनही जी आठवण गोड राहील, ती खरी. जी कडू होईल, तिच्यात एखादे ऋण दडलेले आहे असे समजावे.

मागे उभे असणारे

आज आमच्या घरातही मुले मोबाइलवर खेळतात आणि आम्ही म्हणतो, “आमचे खेळ बरे होते.” उपदेशक ग्रंथ सांगतो की पूर्वीचे दिवस बरे का होते, असे विचारणे शहाणपणाचे नाही. ते आम्हाला आता पटू लागले आहे. २००५ मध्ये आमचे वडीलही सायबर कॅफेविषयी हेच म्हणत.

७ सप्टेंबर २०२५ रोजी, आमची ही भेट झाली त्याच महिन्यात, पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस यांना संतपद दिले. हा मुलगा १९९१ सालचा, आमच्याच पिढीचा. १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी गेला. त्यालाही व्हिडिओ गेम आवडत. खेळाने आपल्यावर ताबा मिळवू नये म्हणून त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास ठरवून दिला होता. आम्हीही आठवड्याला एकच तास खेळायचो, तो पैशांअभावी! पण कार्लोबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. वर्गात ज्याची टिंगल होई त्याच्या बाजूने तो उभा राहायचा. त्याची नजर मागे उभ्या असलेल्यांकडे जायची. आमची पडद्यावरून हलत नव्हती.

यात्रेच्या त्या संध्याकाळी आम्ही मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, “सोडा रे, पोरं होतो आपण.” त्याने ‘आपण’ म्हटले. त्या शब्दावर आमचा हक्क नव्हता, तो त्याने दिला. नंतर पापनिवेदनालाही आम्ही हे सांगितले. वीस वर्षांपूर्वीच्या खेळाची गोष्ट सांगताना हसू येईल असे वाटले होते, तसे काही आले नाही.

बंधू-भगिनींनो, या रविवारी घरी जेवायला बसल्यावर आपल्या लहानपणाची एक आवडती आठवण मुलांना जरूर सांगा. सांगून झाल्यावर थोडे थांबा आणि तेव्हा आपल्या खुर्चीमागे कोण उभे होते, ते आठवून पाहा. ती व्यक्ती हयात असेल तर फोन करा. आणि आपल्या मुलांच्या मागे आज कोणाचे मूल उभे राहून बघत असेल, तर त्याला पुढे बसवा. त्याचे नाव विचारा आणि ते त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या.