ठाऊक असलेल्या कथेची गोडी

श्रोतेहो, हल्ली काही तरुण कीर्तनकार म्हणतात, "बुवा, तीच ती आख्याने लोक किती दिवस ऐकणार? सिनेमासारखे काहीतरी नवे पाहिजे." त्यांनी सिनेमा नीट पाहिलेला दिसत नाही.

पाठशाळेत आम्हांला धनंजयाचे 'दशरूपक' शिकवीत. त्यात रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत. नाटकाची कथा प्रख्यात, म्हणजे रामायण-भारतांसारख्या ग्रंथांतली, प्रकरणाची कथा कवीने कल्पिलेली, प्रहसनात हास्य. प्रकाराचे नाव कळले की कोणत्या रसाला मन मोकळे करायचे, हे प्रेक्षकाला बसण्यापूर्वीच समजते. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, संतपट, रहस्यपट ही चित्रपटांची नावे तेच काम करतात. भुताचा सिनेमा म्हणून तिकीट काढले आणि आत प्रवचन निघाले, तर माणूस चिडणारच की!

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तो मूकपट. पडद्यावर पाट्या येत, पण वाचता येणारे थोडे. कथा घरोघर ठाऊक होती म्हणून चित्र नुसते पाहून कळले.

मग प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. साल १९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गाथा इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा त्या वर येतील की नाही, ही शंका आपल्याकडच्या कोणा प्रेक्षकाला असेल का? तरी डोळे भरून येत. पुढे काय होणार ही धाकधूक गेली, की मन प्रसंगात निवांत उतरते. काल्याच्या कीर्तनाला बसलेल्याला शेवटी दहीलाह्यांचा प्रसाद मिळणार हे माहीत असते, म्हणून तो अर्ध्यातून उठून जातो काय?

मात्र साचा जुना असला तरी आतले माणूस जिवंत लागते. गौरी या नटीने उभी केलेली जिजाई आठवा. कीर्तनांत पुष्कळदा तिला कजाग म्हणून हसण्यावारी नेतात. पडद्यावरची जिजाई देवाशी भांडते ती पोरांच्या पोटासाठी. आणि विमान आल्यावर ती खालीच राहते! कथेत काही बदलले नाही, पण भांडणाऱ्या बाईची बाजू दिसली.

आता एक धोकाही सांगतो. त्या चित्रपटातले बीज आणि वृक्षाचे प्रसिद्ध पद शांताराम आठवले यांनी रचलेले. अभंगाचा साचा ओळखीचा, तोंडही तुकोबांचे. मग चौकशी कोण करणार? पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले. आठवल्यांच्या लेखणीची ही थोरवीच. पण श्रोत्याने चौकशी केली नाही तरी चालेल, व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्याने गाथा उघडून पाहायला नको का? अजूनही कुठे कुठे ते 'तुका म्हणे'च्या रांगेत बसवून गातात, आणि टाळकरीही खुशाल साथ देतात.