उसनं भूत

भुताखेतांचा सिनेमा मी एकट्याने बघत नाही. बायको शेजारी भाजी निवडत बसलेली लागते. पडद्यावर कितीही रक्त सांडलं, तरी घरात मेथी आहे, एवढा दिलासा मला पुरतो.

गेल्या पावसाळ्यात पनवेलला सलग तीन दिवस असा पाऊस लागला की रविवारी दाराबाहेर पाय टाकायची सोय राहिली नाही. म्हणून एका मित्राने दिलेली डिस्क लावली. सिनेमा 'गॉथिक', दिग्दर्शक केन रसेल, साल १९८६. थिएटरपेक्षा कॅसेटवरून चाहते मिळवणाऱ्या सिनेमांच्या जातीतला हा. आमच्या लहानपणी आळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणत आणि रात्रभर ओळीने तीन सिनेमे बघत. पण त्यात इंग्रज कवी कधी आले नव्हते.

यात सगळे कवी-लेखकच आहेत. १८१६ सालचा जून, जिनिव्हाच्या सरोवराकाठचा बंगला. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्या राखेने युरोपचा उन्हाळाच बुडवला. पाऊस थांबेना. घरात अडकलेले लोक म्हणजे लॉर्ड बायरन, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी, तिची सावत्र बहीण क्लेअर आणि बायरनचा पगारी डॉक्टर पॉलिडोरी, वय वर्षं वीस. बायरन म्हणाला, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. आपल्याकडे अशा पावसात भजी तळतात. त्यांच्याकडे भजी नसावीत.

सिनेमात पुढे एका रात्रीत जो धिंगाणा होतो, तो बघून बायको म्हणाली, "एवढे शिकलेले, आणि असे काय वागतात?" मी मात्र पॉलिडोरीकडे बघत होतो. सगळे ज्याची टिंगल करतात असा, साहेबाच्या मागेपुढे करणारा तो नोकरदार मला फार ओळखीचा वाटला.

त्या पैजेचा निकाल मजेशीर आहे. दोन्ही बड्या कवींनी हात टेकले. मेरीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिलं, ते १८१८ साली आलं. बायरनने चार पानं लिहून सोडून दिली. त्या टाकलेल्या कल्पनेवरून पॉलिडोरीने 'द व्हँपायर' लिहिली. १८१९ साली ती एका मासिकात छापून आली, लेखक म्हणून नाव – लॉर्ड बायरन! बायरन सांगतोय गोष्ट माझी नाही, पॉलिडोरी सांगतोय माझी आहे, आणि गोष्ट मात्र बायरनच्या नावावर धडाक्याने खपतेय. १८२१ साली, पंचविसाव्या वर्षी, पॉलिडोरी वारला.

ड्राफ्ट कनिष्ठाचा आणि सही वरिष्ठाची, हे बँकेत वीस वर्षं बघितल्यामुळे मी हळहळलो. पण लेजर दोन्ही बाजूंनी तपासायची सवय आहे. कल्पना मुळात बायरनची होती. मग पॉलिडोरी तरी कर्जदार नव्हता काय? गोष्ट असते तरी कोणाची?

आपल्याकडचा 'तुंबाड' घ्या. सिनेमा २०१८चा. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. बीज पडलं ते नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतून, जी दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात १९९३ साली सांगितली. आणि 'आजी'चं मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'त. पण बर्वे यांनी जंगल, मित्र आणि धारप हे सगळं स्वतः सांगितलं. मला वाटतं, धर्म-अधर्माची रेघ इथेच आहे. उसनं घेणं पाप नाही, अख्खी बँक त्यावर चालते. पाप आहे ते खात्यावर न लिहिण्यात.

हे वाक्य डोक्यात आलं आणि मेथीचाही दिलासा वाटेना. कारण आमच्या बँकेच्या गृहपत्रिकेत मी एकदा भुताची गोष्ट लिहिली होती. उसने आठ आणे फेडायचे राहून मेलेला माणूस दर अमावस्येला चिंचेखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतो, "एवढे घ्या हो." घ्यायला कोणी थांबत नाही. तिला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा थर्मास. ती गोष्ट आमच्या शाखेचे शिपाई नाना यांनी मला व्हाउचरं शिवता शिवता सांगितली होती. अंक वाचून नाना एवढंच म्हणाले, "साहेब, झकास जमलंय. भूत अगदी आमच्या गावच्यासारखं वाटतं." मी म्हणालो, "असं होय?" आणि त्याच थर्मासमधला चहा त्यांना पाजला.

नाना निवृत्त होऊन गावी गेले. त्या रविवारी मी धीर करून त्यांना फोन लावला. म्हटलं, "नाना, गोष्ट तुमची होती. मी नाव घातलं नाही. चुकलं माझं."

नाना हसले. "साहेब, माझी कुठली! आमच्या आजीची."

"मग आजीचं नाव सांगा, आता तरी लिहितो."

पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग नाना म्हणाले, "आजीला आम्ही आजीच म्हणायचो, साहेब. नाव... नाही बुवा आठवत."

फोन ठेवल्यावर मला गंमत वाटली नाही, हे कबूल करतो. बँकेत धनी न सापडलेली रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवतात. धनी सापडला नाही म्हणून ती कॅशिअरच्या खिशात जात नाही. तेव्हा आठ आण्यांचं ते भूत आजपासून आजीच्या नावे तिथे जमा. भुताच्या गोष्टीला याहून योग्य खातं मला सुचत नाही.

थर्मास नानांना पाठवायचा आहे. बायको म्हणते, झाकण गळतं, आधी ते बदला. तेही खरंच. परत करायचं ते निदान चालू स्थितीत करावं.